डिंक, चिंचोका आणि बारा तासांची गोळी

परतूर तालुक्यातल्या आष्टीत, किंवा जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही बाजारगावात, मेटफॉर्मिनची चिठ्ठी पुढे केली की मेडिकलवाला आधी एक गोष्ट बघतो: साधी गोळी की एसआर? साधी गोळी पोटात लवकर विरघळते आणि दिवसातून दोन-तीनदा घ्यावी लागते. एसआर गोळी तेच औषध कित्येक तास थोडंथोडं सोडत राहते, म्हणून बहुतेकांना ती रात्रीच्या जेवणाबरोबर एकदाच पुरते. औषध दोन्हींत एकच. फरक आहे तो औषधाला धरून ठेवणाऱ्या पदार्थाचा. पाणी लागताच फुगून दाट जेल होणारा हा पदार्थ बहुतेक वेळा सेल्युलोजपासून केलेला असतो. ते सेल्युलोज लाकडाच्या लगद्यातून येतं, नाहीतर जिनिंगनंतर सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंतून.

म्हणजे ज्या शिवारात कपाशी उभी असते, त्याच शिवारातल्या माणसाच्या गोळीत कपाशीचा अंश असू शकतो. बांधावर बाभूळ आणि चिंच, परसात गवार, मळ्यात मोसंबी, घरात मेथी आणि सब्जा. यातल्या प्रत्येकापासून औषध हळूहळू सोडणारं जेल करून दाखवल्याचे शोधनिबंध आज उपलब्ध आहेत. अशा निबंधांची संख्या भरपूर आहे, पण बाजारात पोचलेली औषधं मोजकी. या अंतराचं कारण काय, याचा हा आढावा. वनस्पतीचं जेल औषध धरून ठेवतं, हे आता नव्याने सिद्ध करायची गरज राहिलेली नाही. ते दर खेपेला तेवढाच वेळ धरेल याची हमी मात्र अजून फार थोड्या वनस्पतींना मिळाली आहे.

फुगण्याचं गणित

हायड्रोजेल म्हणजे पाण्याची ओढ असलेल्या लांबच लांब रेणूंचं, म्हणजे पॉलिमरचं, एकमेकांत गुंतलेलं जाळं. पाणी आत शिरतं, जाळं ताणतं, पण तुटून विरघळून जात नाही. प्रागमधले ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव्ह लिम यांनी १९६० साली ‘नेचर’मध्ये शरीरात वापरता येतील अशा जेलवर निबंध लिहिला आणि पुढे त्यातूनच मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आली. त्यांचं जेल कृत्रिम होतं. वनस्पती हे काम शर्करेच्या साखळ्यांवर भागवतात. सब्जाचं बी पाण्यात टाकलं की काही मिनिटांत काळ्या दाण्याभोवती पारदर्शक वलय उभं राहतं. ते वलय हायड्रोजेलच आहे.

गोळीत हीच गोष्ट ठरवून घडवली जाते. औषधाची भुकटी आणि फुगणारी भुकटी एकत्र करून दाबली, की गोळी पोटात गेल्यावर आधी तिचा बाहेरचा थर ओला होऊन जेल बनतो. आतला गाभा कोरडाच राहतो. पाणी आत सरकत जातं, औषध विरघळून जेलमधून बाहेर झिरपतं आणि सर्वांत बाहेरचा थर हळूहळू झिजतो. पाण्याचं आत शिरणं, औषधाचं झिरपणं आणि थराची झीज या तिन्हींचा वेग जुळवणं हीच या तंत्रातली कारागिरी.

ताकेरू हिगुची यांनी १९६१ मध्ये मलमातून औषध कसं बाहेर येतं याचं समीकरण मांडलं. त्याचं सार असं, की बाहेर आलेलं औषध वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. पहिल्या तासात २० टक्के बाहेर आलं तर ४० टक्के यायला चार तास लागतात आणि ६० टक्के यायला नऊ. बाहेर पडण्याचा रस्ता लांबत जातो, म्हणून वेग मंदावतो. पुढे १९८३ मध्ये कोर्समेयर, पेपास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुगणाऱ्या पॉलिमरसाठी अधिक सैल समीकरण दिलं. त्यातला घातांक दंडगोल आकाराच्या गोळीसाठी ०.४५ च्या आसपास आला तर काम मुख्यतः झिरपण्याने होतंय, ०.८९ कडे सरकला तर जेलच्या सैल होण्याने. फार्मसीच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रबंधात हे दोन आकडे असतातच.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. जेल ही औषध गाळणारी चाळणी नव्हे. हायड्रोजेलच्या जाळ्याची भोकं साधारण ५ ते १०० नॅनोमीटरची असतात. मेटफॉर्मिनचा रेणू एका नॅनोमीटरहूनही लहान. तो अडत नाही, त्याला फक्त लांबचा, ओला, दाट रस्ता तुडवावा लागतो. म्हणूनच पाण्यात सहज विरघळणाऱ्या आणि मोठ्या मात्रेत द्यायच्या औषधाला रोखायला पॉलिमरही भरपूर लागतो. एसआर गोळ्या गिळायला जड जातात एवढ्या मोठ्या असतात, त्या यामुळे. गिळता येत नाही म्हणून अशी गोळी कुटून किंवा चावून घेतली तर रस्ताच नाहीसा होतो आणि कित्येक तासांची मात्रा एकदम रक्तात जाते. अशी गोळी मोडायची का, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

दुसरी गोष्टही घरोघरी माहीत असायला हवी. अशा काही गोळ्यांचं रिकामं झालेलं मऊ जेल शौचावाटे तसंच्या तसं बाहेर पडतं. अमेरिकेत २००० साली मान्यता मिळालेल्या ग्लुकोफाज एक्सआरच्या माहितीपत्रकात ही शक्यता स्पष्ट लिहिलेली आहे. गोळी लागू पडली नाही म्हणून घाबरून दुसरी घेण्याचं कारण नाही. औषध केव्हाच शरीरात गेलेलं असतं, मागे उरतं ते वाहन.

कपाशीने गाठलेला पल्ला

वनस्पतिजन्य जेलमध्ये आज निर्विवाद राज्य आहे ते हायड्रॉक्सिप्रोपिल मिथिलसेल्युलोज अर्थात एचपीएमसीचं. मूळ सेल्युलोज पाण्यात फुगत नाही. त्याच्या साखळीवर मिथिल आणि हायड्रॉक्सिप्रोपिल गट जोडले, की ते पाण्याला जवळ करतं. या पदार्थाचं यश फुगण्यापेक्षा त्याच्या प्रतवारीत आहे. के-४एम, के-१५एम, के-१००एम या नावांतच त्याचा दाटपणा सांगितलेला असतो: पाण्यातल्या दोन टक्के द्रावणाची श्यानता अनुक्रमे ४,०००, १५,००० आणि १,००,००० मिलिपास्कल-सेकंदांच्या आसपास. कारखान्याला आठ तासांची गोळी हवी की बारा तासांची, त्यावर प्रत निवडता येते. पुढच्या वर्षीही त्याच नावाच्या पोत्यात तोच माल येईल, हा भरवसा असतो. आपण आता ज्या वनस्पतींकडे वळणार आहोत, त्यांना याच भरवशाशी स्पर्धा करायची आहे.

गवार

गवारीच्या बीमधल्या पांढऱ्या गरात गॅलॅक्टोमॅनन नावाची शर्करा असते. मॅनोजच्या साखळीवर साधारण दर दुसऱ्या कडीला गॅलॅक्टोजची एक फांदी. मेथीत हेच प्रमाण जवळजवळ एकास एक असतं, तर भूमध्य समुद्राकाठच्या कॅरोबच्या बीमध्ये चारास एक. फांद्या जितक्या जास्त, तितका डिंक थंड पाण्यात सहज विरघळतो. जगातल्या गवारीचा फार मोठा हिस्सा भारतात पिकतो आणि त्यातला बहुतांश राजस्थानात. मराठवाड्यातली गवार भाजीची. शेंगा कोवळ्या खुडल्या जातात, बी पिकून डिंकापर्यंत पोचतच नाही.

गवारीच्या बाबतीत सर्वांत ठोस भारतीय काम विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठात झालं. वाय. एस. आर. कृष्णय्या आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये गवार डिंकाच्या गोळ्या निरोगी स्वयंसेवकांना देऊन, गोळीत किरणोत्सारी टेक्नेशियम मिसळून, गॅमा कॅमेऱ्याने तिचा पोटातला प्रवास टिपला. वरच्या थरातला थोडा अंश जठरात आणि लहान आतड्यात सुटला, बाकीचा मोठा भाग मोठ्या आतड्यात पोचला. कारण साधं आहे. गवारीची साखळी तोडणारं विकर माणसाच्या शरीरात नाही, पण मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंकडे ते आहे. तिथल्या विकारांवर औषध नेमकं तिथेच सोडण्याचा हा मार्ग आहे. मात्र ज्याच्या आतड्यातली जिवाणूंची वस्ती प्रतिजैविकांनी उठवली आहे, त्याच्या पोटात ही गोळी तशीच वागेल असं धरून चालता येत नाही.

गवारीच्या चुलतभावाने, म्हणजे कॅरोबच्या डिंकाने, बाजारही पाहिला. झँथन या दुसऱ्या डिंकाबरोबर त्याची जोडी जमवून टायमरएक्स नावाचं तंत्र तयार झालं आणि दीर्घकाळ चालणाऱ्या गोळ्यांत वापरलं गेलं. म्हणजे अडचण गॅलॅक्टोमॅननच्या जातीत नाही.

चिंचोका

चिंचोक्याची खळ मराठवाड्याला नवी नाही. घोंगडी विणणारे धागा ताठ करायला ती वापरत आले आहेत, कापडगिरण्यांनीही वापरली. या खळीतलं द्रव्य म्हणजे झायलोग्लुकन. त्याची ठेवण डोळ्यांतल्या आणि तोंडातल्या नैसर्गिक चिकट द्रवाच्या रेणूंसारखी असल्याने ते ओल्या त्वचेला धरून बसतं. पिसा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० मध्ये सशांच्या डोळ्यांवर दाखवलं, की चिंचोक्याच्या शर्करेसोबत दिलेली प्रतिजैविकं डोळ्यात अधिक मुरतात. साधे थेंब अश्रूंबरोबर वाहून जातात, हे टिकून राहतात. कोरड्या डोळ्यांसाठी चिंचोक्याच्या शर्करेचे थेंब युरोपात विकलेही गेले.

झायलोग्लुकनचा दुसरा गुण आणखी विलक्षण आहे. विकर वापरून त्याच्या गॅलॅक्टोजच्या फांद्या एका मर्यादेपलीकडे छाटल्या, की द्रावण थंड असताना पातळ राहतं आणि शरीराच्या उबेने घट्ट होतं. जपानी संशोधकांनी १९९८ मध्ये गुदमार्गे द्यायच्या औषधासाठी हे वापरून पाहिलं. द्रवरूपात घालायचं, आत गेल्यावर त्याचं जेल व्हायचं.

छत्रपती संभाजीनगरच्या फळ संशोधन केंद्राने ‘प्रतिष्ठान’ हे चिंचेचं वाण दिलं. वाण निवडताना नजर गरावर असणार, हे उघड आहे, कारण बाजार गराला आहे. चिंचोक्यातल्या शर्करेसाठी चिंचेची झाडं पारखण्याची गरज अजून फारशी कुणाला पडलेली दिसत नाही.

मोसंबीची साल

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे आणि बदनापूरला तिच्यासाठी संशोधन केंद्र. चर्चा होते ती फळाची, पण औषधाच्या दृष्टीने मोल आहे ते सालीतल्या पेक्टिनला. लिंबूवर्गीय फळांच्या वाळलेल्या सालीत साधारण २० ते ३० टक्के पेक्टिन असतं. गरम, सौम्य आम्लात साल उकळून, द्रावणात अल्कोहोल घातलं की ते तंतूंसारखं वर येतं. कमी मिथॉक्सी असलेलं पेक्टिन कॅल्शियम भेटताच घट्ट होतं.

या एका गुणधर्मावर एक औषध उभं राहिलं. कर्करोगाच्या रुग्णाला मधूनच उसळणाऱ्या असह्य वेदनेसाठी फेंटानिलचा नाकात मारायचा फवारा युरोपात २०१० मध्ये मान्य झाला. फवाऱ्यात पेक्टिन आहे. नाकाच्या ओलाव्यातल्या कॅल्शियमशी गाठ पडताच थेंबाचं पातळ जेल होतं. ते घशात ओघळत नाही आणि औषध एकदम उसळी न घेता रक्तात जातं. वनस्पतिजन्य जेलने माणसाच्या उपयोगी पडण्याचं याहून नेमकं उदाहरण सापडणं कठीण.

जालन्यात अडचण सालीच्या रसायनात कमी आणि तिच्या गोळाबेरजेत जास्त आहे. मोसंबी ताजी विकली जाते. साल घराघरांत आणि रसाच्या गाड्यांवर विखुरते, कुजते. आंबिया आणि मृग या दोन बहारांची फळं वेगळ्या हवामानात पिकतात. फळ किती पिकलं यावर पेक्टिनची प्रत बदलते. एका जागी, एका प्रतीची, वेळेत वाळवलेली साल मिळेल तेव्हाच पुढचं बोलता येतं.

बाकीचं गणगोत

इसबगोलाचा भुसा, मेथी, जवस, अळीव, भेंडीचा बुळबुळीत रस, जास्वंदीची पानं, कोरफडीचा गर, बाभळीचा आणि धावड्याचा डिंक, कांडोळाच्या झाडाचा कराया डिंक, या सगळ्यांवर काम झालेलं आहे. इसबगोल आणि डिंक स्वतःच औषधकोशात आहेत, पण वाहक म्हणून फारसे नाहीत. इसबगोल घेणाऱ्यांनी इतर गोळ्या दोनेक तास आगेमागे घ्याव्यात असं सांगितलं जातं, तेही याच फुगण्यामुळे: न ठरवता तयार झालेलं जेल दुसऱ्याच औषधाला धरून बसायचं. समुद्री शैवालातलं अल्जिनेट वनस्पतींच्या यादीत बसवावं का, हा वाद बाजूला ठेवू. पण आम्लपित्तावरच्या पातळ औषधांत जठरातल्या अन्नावर जेलचा तराफा तरंगवण्याचं काम ते कित्येक वर्षं करत आहे.

एक सीमा इथेच आखलेली बरी. तोंड, नाक, डोळा, त्वचा आणि आतडं ही या जेलची हक्काची ठिकाणं. इंजेक्शनने शरीरात सोडायला ते सहसा योग्य नाही. सेल्युलोज किंवा गवार डिंक पचवणारं विकर आपल्या ऊतींमध्ये नाही, आणि वनस्पतीबरोबर येणारी प्रथिनं व जिवाणूंचे अवशेष काढून टाकणं फार खर्चिक पडतं.

प्रबंधांची गर्दी

राज्यातल्या फार्मसी महाविद्यालयांत या विषयाला मोठी पसंती आहे. कच्चा माल स्वस्त, उपकरणं हाताशी आणि वर्षभरात काम पुरं. साचा ठरलेला असतो. वनस्पतीतला चिकट पदार्थ पाण्यात काढायचा, अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोनने साकळवायचा, वाळवून दळायचा. डायक्लोफेनॅक, प्रोप्रॅनोलॉल किंवा मेटफॉर्मिनसोबत गोळी करायची. ३७ अंशांवर आधी आम्लात, मग ६.८ पीएचच्या द्रावणात ती फिरवायची आणि तासातासाला नमुना काढायचा. आकडे हिगुची आणि पेपासच्या समीकरणांत बसवायचे. गोळ्या ४० अंश तापमानात आणि ७५ टक्के आर्द्रतेत ठेवून बघायच्या. शेवटी लिहायचं, की हा पदार्थ आश्वासक आहे.

यात खोटं काही नाही, पण पुढची पायरीही नाही. काचेच्या भांड्यात पोटाची घुसळण नसते, भाकरी-भाजीचं जेवण नसतं. माणसांवरच्या चाचण्या विरळा. पुढच्या विद्यार्थ्याला नवी वनस्पती मिळते, आधीची वनस्पती ‘आश्वासक’ या शब्दापाशीच थांबते. जेलच्या मूलभूत शास्त्रात महाराष्ट्र मागे नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शायनी वर्गीस, आशिष लेले आणि रघुनाथ माशेलकर यांचा धातूच्या आयनांमुळे आपोआप सांधणाऱ्या जेलवरचा निबंध २००६ सालचा आहे. कमी आहे ती शास्त्र आणि कारखाना यांच्यामधल्या कंटाळवाण्या कामाची.

गाडी अडते कुठे

पहिली अडचण, माल सारखा नसतो. पाऊस, जमीन, काढणीची वेळ, साठवण यांनुसार साखळीची लांबी आणि दाटपणा बदलतो. आज बारा तास चाललेली गोळी पुढच्या हंगामात नऊ तासांत रिकामी झाली, तर तिला औषध म्हणता येणार नाही.

दुसरी, जिवाणू. डिंक म्हणजे शर्करा, बुरशीला आवडता खुराक. तोंडावाटे घ्यायच्या कोरड्या औषधात प्रति ग्रॅम हजारांच्या आसपास जिवाणू आणि शंभरांच्या आसपास बुरशी एवढीच मुभा असते, ई. कोलाय अजिबात चालत नाही. झाडावरून ओरबाडून गोणीत भरलेल्या डिंकाला ही अट पाळणं जड जातं. उष्णतेने निर्जंतुक करावं तर साखळ्या तुटतात. इथिलीन ऑक्साइड वापरावं तर त्याचा अंश उरतो. २०२१ मध्ये कॅरोबच्या डिंकात तो सापडला आणि युरोपात आइस्क्रीमसकट कितीतरी पदार्थ परत मागवावे लागले. त्याआधी २००७ मध्ये भारतातून गेलेल्या गवार डिंकात पेंटाक्लोरोफिनॉल आणि डायॉक्सिन आढळले, तेव्हापासून युरोपने भारतीय मालाला तपासणीच्या दाखल्याची अट घातली.

तिसरी, भाव. शेल गॅसच्या विहिरींना गवार डिंक लागतो, म्हणून २०११-१२ मध्ये त्याचे दर इतके भडकले की मार्च २०१२ मध्ये वायदेबाजार थांबवावा लागला. औषधउद्योग या पिकाचं छोटं गिऱ्हाईक आहे. तेलवाल्यांच्या बोलीपुढे तो टिकत नाही.

चौथी, फुगणं हेच संकट ठरू शकतं. अमेरिकेत भूक मारण्यासाठी विकली जाणारी कॅल-बॅन ३००० ही गवारीची गोळी काहींच्या अन्ननलिकेतच फुगून अडकली आणि १९९० मध्ये सरकारला कारवाई करावी लागली. जवळपास तीस वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याच कल्पनेला त्याच देशात मान्यता मिळाली. प्लेनिटी या कॅप्सूलमध्ये कार्बॉक्सिमिथिल सेल्युलोजचे कण सायट्रिक आम्लाने सांधलेले होते. ते जठरात पोचल्यावर फुगायचे आणि मोठ्या आतड्यात पाणी सोडून द्यायचे. दोन्हींत वनस्पतीचीच शर्करा होती. फरक पडला तो कण किती मोठा, कुठे फुगणार आणि कधी मोडणार हे आधी ठरवल्यामुळे.

जालन्यापुरता हिशेब

मग आष्टी-परतूरकडच्या शेतकऱ्याला यातून काय? आज थेट काही नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. औषधाला लागणारा डिंक किंवा पेक्टिन वजनाने थोडा असतो. त्यावर पीकपद्धत बदलायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये. भाव मिळतो तो शुद्धतेला, आणि शुद्धता शेतात नव्हे, प्रक्रियेत तयार होते.

पण ही प्रक्रिया शिकवणारा वारसा याच जिल्ह्यात आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको सुरू केली आणि त्यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याच्या धंद्याने जालन्याला एक गोष्ट शिकवली: शेतात पिकलेली वस्तू शुद्धतेच्या दाखल्यानिशी विकता येते. त्यासाठी वाण ठरवावं लागतं, शेत वेगळं राखावं लागतं, प्रत्येक लॉट तपासावा लागतो आणि नापास झालेला बाजूला काढावा लागतो. औषधी जेलच्या कच्च्या मालाला नेमकी हीच शिस्त हवी आहे. शिवाय १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेल्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं मराठवाडा केंद्र २०१८ पासून जालन्यात आहे. मोसंबीची साल, सरकीचे तंतू आणि चिंचोका तिथून हाकेच्या अंतरावर मिळतात.

तेव्हा पुढच्या संशोधकाने आणखी एक नवी वनस्पती शोधू नये. त्याने मोसंबीची साल घ्यावी किंवा चिंचोका घ्यावा, आणि दोन बहारांतले, वेगवेगळ्या गावांतले लॉट एकाच पद्धतीने शुद्ध करून त्यांची श्यानता, जिवाणूसंख्या आणि औषध सोडण्याचा वेग एकमेकांशी ताडून पाहावा. निष्कर्षात ‘आश्वासक’ लिहिण्याऐवजी लॉटागणिक किती फरक पडला, तो आकडा लिहावा. असा निबंध वाचायला रुक्ष वाटेल. पण औषधाचा कारखाना चालवणारा माणूस सगळ्यात आधी तोच आकडा विचारतो, आणि एचपीएमसीने बाजार जिंकला तोही त्याच आकड्यावर.